गिळायचं की थुंकायचं

बेंगळुरातल्या यशवंतपूरच्या यार्डात जयसिंगराव आणि मंडळी यांच्या गुळाच्या पेढीवर दोन गोष्टींबद्दल कुणी शंका घेत नसे. एक दारातला वजनकाटा आणि दुसरी भागक्काची जीभ. काट्यावर दर वर्षी सरकारी माणूस येऊन शिक्का मारून जायचा. जिभेवर शिक्का नव्हता, एवढाच काय तो फरक. मंड्या-मद्दूरकडून गुळाची लॉरी लागली, की परसू हमाल ढेपेचा कपचा कोयत्यानं उडवायचा. भागक्का तो तोंडात टाकायची, डोळे मिटायची, गिळायची आणि म्हणायची, “एक नंबर.” नाहीतर “दोन.” नाहीतर “तीन. आणि चुना हात सैल सोडून घालताय, जरा आवरा.” झालं. शेतकरी मान हलवायचा आणि ढेपा उतरायला लागायच्या.

यातलं गिळणं महत्त्वाचं. चाखलेला गूळ, माल आणणाऱ्याच्या देखत थुंकायचा नाही, असा यार्डाचा अलिखित कायदा होता. थुंकला म्हणजे माल मारला. तोंडानं ‘नको’ म्हणायचीसुद्धा गरज नाही. लॉरी तशीच मागे फिरायची, आणि वर त्या माणसाची चारचौघांत नाचक्की व्हायची. गूळ म्हणजे लक्ष्मी. ती कुणी उगीच थुंकेल? भागक्का एकोणीस वर्षांत चारदा थुंकली होती. त्या चौघांची नावं यार्डात अजून सांगतात.

तिचं खरं नाव भाग्यलक्ष्मी. निपाणीकडची. वडलांचं गुऱ्हाळ होतं, त्यामुळे बाकीच्या मुली भातुकली मांडायच्या त्या वयात ही काहिलीच्या कडेला बसून पाक आला की नाही ते सांगायची. लग्न होऊन बेंगळुरात आली. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. जयसिंगरावांकडे लागली ती झाडलोट करायला आणि पोती शिवायला. एकदा तिथल्या म्हाताऱ्या पारख्याला पडसं झालं होतं आणि त्यानं एक लॉरी ‘एक नंबर’ म्हणून सोडली. भागक्कानं झाडता झाडता खाली पडलेला चुरा जिभेला लावला आणि केरसुणी हातात धरूनच म्हणाली, “ह्यात पावडर हाय की.” गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काही लोक एक पावडर घालतात, ती. तपासलं तर निघाली. दोन वर्षांनी म्हातारा गावी गेला आणि गादीवर भागक्का बसली. यार्डात बाई गादीवर, म्हणून आठ दिवस लोक बघायला यायचे. नवव्या दिवशी बघण्यासारखं काही उरलं नाही. मुलीचं शिक्षण, लग्न, सगळं तिनं त्या जिभेवर केलं.

आता दिवसाला पन्नास-साठ कपचे पोटात गेले, की ते कुठंतरी दिसणारच. ते भागक्काच्या दंडांवर दिसले, कमरेवर दिसले, हनुवटीखाली दिसले. ती स्वतःच म्हणायची, “माझी ढेप जरा मोठीच धरलीय देवानं.” गुडघे कुरकुरायचे. मत्तीकेऱ्यातल्या घरून यार्डात यायचं म्हणजे रेल्वेचा पूल ओलांडायचा. त्या पुलावर ती दोनदा टेकायची. पण गादीवर बसली की गुडघे विसरायची. गादीवर बसलेल्या माणसाला वजन शोभतं, असं तिचं मत होतं. आणि समोर मालक जयसिंगराव आतल्या खोलीत खुर्ची भरून बसलेले असल्यामुळे ते मत बदलायचं काही कारणही नव्हतं.

कारण आणलं ते विराटनं.

विराट हा जयसिंगरावांचा मुलगा. शिकून, सात-आठ वर्षं काचेच्या इमारतीतल्या एका मोठ्या कंपनीत नोकरी करून तो पेढीवर परत आला, आणि येताना त्या कंपनीतलं एक ‘वेलनेस’ घेऊन आला. भागक्कानं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ढेपांच्या थप्पीवर चढून गूळ खायचा. आता त्यानं सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, की लठ्ठपणा हा आजार आहे, माणूस जागेपणीचा निम्मा वेळ कामावर घालवतो, तेव्हा कामगाराच्या वजनाची जबाबदारी मालकाचीही आहे. ऐकायला चौदा माणसं होती. त्यातले नऊ हमाल. त्या नऊ जणांचं मिळून जेवढं पोट झालं असतं, तेवढं आतल्या खोलीत एकट्या मालकांचं होतं.

पहिल्या दिवशी सगळ्यांची वजनं घ्यायची ठरली. वेगळा काटा कशाला, म्हणून दारातल्याच काट्यावर. तोलायला परसू. भागक्का चढली.

“ब्याण्णव,” परसू ओरडला. मग तीस वर्षांच्या सवयीनं पुढं म्हणाला, “पोत्याचा किलो वजा. एक्याण्णव.”

लोक हसले. भागक्का काट्यावरूनच म्हणाली, “पोतं राहू दे की मुडद्या. ते काढलं तर आत काय ऱ्हाईल?”

परसू स्वतः एकोणपन्नास भरला. पोतं वजा न करता.

मालकांना कुणी काट्यावर बोलावलं नाही. मालक काट्यावर चढत नाहीत असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण यार्डात बरंच काही लिहिलेलं नसतं.

मग सगळ्यांच्या फोनमध्ये पावलं मोजायचं काहीतरी घातलं गेलं. दिवसाला दहा हजार पावलं चालायची. दुसऱ्याच दिवशी परसूची एकतीस हजार झाली, आणि त्यातली निम्मी पाठीवर गूळ घेऊन. फोननं त्याला ‘शाब्बास’ म्हटलं. महिन्याच्या शेवटी त्याला पहिलं बक्षीस मिळालं: जयनगरातल्या एका जिममध्ये तीन महिने फुकट.

“तिथं काय करत्यात?” परसूनं विचारलं.

“वजनं उचलतात,” विराट म्हणाला.

“कुणाची?”

“कुणाची म्हणजे? वजनंच. उचलायची, परत ठेवायची.”

परसूनं बराच विचार केला. “आणि लॉरी कुठं असती?”

परसू गेला नाही. फोन मात्र रोज लाल रंगात त्याला सांगायचा, की तुमचं वजन कमी आहे, नीट खा. ते विराटच्या योजनेत बसत नव्हतं. योजना लठ्ठ माणसांसाठी होती.

लठ्ठ माणूस, म्हणजे ज्याला सांगता येईल असा लठ्ठ माणूस, पेढीवर एकच होता. एका दुपारी विराट भागक्काच्या गादीसमोर स्टूल ओढून बसला.

“भागक्का, मी मोजलं. तुम्ही रोज पाव किलोच्या वर गूळ खाता. तोही हौसेनं नाही, आमच्या कामासाठी. म्हणजे तुमचं वजन आम्हीच वाढवलंय. तुमच्या रक्ताच्या तपासणीत साखरही काठावर आलीय.”

“एकोणीस वर्सं खातीय. आज दिसलं व्हय?”

“आज दिसलं ना, मग आज थांबवू या. तुम्ही चाखायचं काम सोडा. पॅकिंगला बसा. पगार तोच, खुर्ची चांगली देतो.”

पॅकिंग म्हणजे मागच्या शेडमध्ये खोक्यांवर चिकटपट्टी मारणं. पगार तोच, हे भागक्काला कळलं. पण पगारासाठी माणूस चिकटपट्टी मारतो. गादीवर बसतो ते त्याशिवाय आणखी कशासाठी तरी. यार्डातले जाणते लोक तिच्या डोळे मिटण्याकडे बघत उभे राहतात. ते उभं राहणं खोक्यात कसं भरायचं?

“मी गादी सोडणार न्हाई, विराटप्पा,” ती म्हणाली. लोकांसमोर ती त्याला अहो-जाहो करायची, एकटा असला की नाही. “तू बारका असताना थप्पीवरनं तुला उतरवून घेतलंय. आता तू मला गादीवरनं उतरवू नको.”

विराट वाईट मुलगा नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं. तो म्हणाला, “मग दुसरा मार्ग आहे. चिक्कमगळूरला कॉफी चाखणारे असतात. दिवसाला दोनदोनशे कप चाखतात आणि थुंकतात. चव कळते, पोटात जात नाही. तुम्हीही थुंका.”

“कॉफीवाला समोर हुबा असतो का?”

“कसा असेल?”

“आमचा असतो.”

पण गादी की पॅकिंग, एवढंच तिच्यापुढं होतं. तिनं थुंकणं पत्करलं. विराटनं झाकणाचं एक स्टीलचं भांडं मागवलं आणि गादीशेजारी ठेवलं. परसूनं नाक मुरडलं. “पिकदाणी. दुकानाचं लॉज करून टाकलं.”

पहिली लॉरी मद्दूरच्या एका जुन्या शेतकऱ्याची होती. भागक्कानं कपचा तोंडात घोळवला, खाली वाकली, थुंकली, तोंड पुसलं आणि जमेल तेवढ्या गोड आवाजात म्हणाली, “एक नंबर.”

तो माणूस तिच्याकडं बघत राहिला. कान म्हणत होते एक नंबर, डोळे म्हणत होते माल मारला. यार्डात माणसं कानांवर विश्वास ठेवून मोठी होत नाहीत.

“माझ्या तब्येतीसाठी हाय हो,” ती कन्नडात समजावून सांगायला लागली. “डॉक्टरनं सांगितलंय. तुमचा गूळ सोन्यासारखा हाय.”

“सरी, सरी, अक्का,” म्हणजे बरं, बरं, असं तो म्हणाला. ढेपा उतरवल्या, चहाही प्याला. पुढच्या आठवड्यात त्याची लॉरी समोरच्या दुकानाला लागली.

भागक्का प्रत्येकाला सांगायची. तिनं पाठीमागं वळून थुंकून पाहिलं, तर ते आणखी वाईट दिसलं. तोंडावर पदर धरून पाहिला, तर एकानं विचारलं, “इतका वास येतो का?” विराटनं भिंतीवर कन्नडात पाटी लावली: ‘आमच्याकडे थुंकणे हे आरोग्यासाठी आहे.’ ती पाटी वाचून ओळख नसलेले दोन लोक आत येऊन पान खाऊन थुंकून गेले.

आणि इकडे एक भलतंच झालं. भागक्का हलकी व्हायला लागली. पहिल्या महिन्यात तीन किलो, मग दोन, मग आणखी दोन. तिला ते आधी पोलक्याच्या बाह्यांनी सांगितलं. मग गुडघ्यांनी. एक दिवस ती रेल्वेचा पूल चढून उतरून पलीकडं आली आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण मधे टेकलोच नाही. पुलाच्या वळणावर मोगऱ्याचे गजरे घेऊन बसणारी बाई दुसऱ्या दिवशी तिला हाका मारायला लागली. “ओ अक्का, काय राग आहे का माझ्यावर? बसत नाही, बोलत नाही, तशीच जाता?”

“राग न्हाई ग. दम लागंना झालाय.”

“मग माझा गजरा कोण घेणार?”

भागक्कानं गजरा घेतला. त्या दिवशी घरी जाऊन ती किती तरी वर्षांनी जमिनीवर मांडी घालून जेवली, आणि उठताना कशाला धरलं नाही. कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं. पण ती दोनदा बसली आणि दोनदा उठली, उगीच.

तिसरा महिना संपला तेव्हा पेढीसमोर दुपारी बाराला कुत्री झोपायला लागली. पूर्वी तिथं झोपायला जागाच नसायची. समोरच्या दुकानाला लॉऱ्यांची रांग, आणि रांगेतले निम्मे ओळखीचे. ते भागक्काला लांबून नमस्कार करायचे, म्हातारं माणूस आजारी असलं की खिडकीतून करतात तसा.

जयसिंगरावांनी तिला आत बोलावलं. ते फार बोलणारे नव्हते. त्यांचं घराणं शहाजीराजांबरोबर इकडं आलं असं ते सांगत, आणि एवढ्या लांब आल्यावर आणखी बोलायची गरज उरलेली नाही असं त्यांच्याकडं बघून वाटायचं.

“भागक्का, हे आता पुरे आयतु, पुरे झालं. उद्यापासून गीळ.”

तिनं विराटकडं पाहिलं. विराट फोनकडं बघत होता.

“अण्णा, सात किलो कमी झाले माझे.”

“चांगलं झालं की. परमेश्वराची कृपा. आता गीळ.”

“विराटप्पा,” ती म्हणाली, आणि लोकांसमोरचं अहो-जाहो विसरली, “तू म्हणालास ना, मालकाची जबाबदारी?”

“आहेच,” विराट म्हणाला. “ती आपण काढून नाही टाकत, भागक्का. फक्त... थोडी मागे घेतोय. तुम्ही पावलं चालू ठेवा ना.”

“आणि न्हाई गिळलं तर?”

जयसिंगरावांनी पंख्याकडं पाहिलं. “परवा पुट्टस्वामीची लॉरी आहे. माझ्या वडलांपासूनचा तो माणूस. तो फुटला तर बाकीचे राहिलेले सगळे फुटतील. त्याच्यापुढं गिळलंस तर गादी तुझी. नाहीतर पॅकिंग. मी दुसरा कुणी बघतो, जो गिळेल.”

म्हणजे तीन महिन्यांपूर्वी गिळते म्हणून पॅकिंग, आणि आता गिळत नाही म्हणून पॅकिंग. भागक्का बाहेर आली. मालकांचा दोष तरी काय म्हणायचा, तिच्या मनात आलं. त्यांना तिची काळजी आहेच. फक्त ती काळजी लॉरीच्या मागून येते.

विराट तिच्यामागून दाराच्या पायरीपर्यंत आला. त्याचा चेहरा नऊ वर्षांचा झाला होता.

“भागक्का, मला माफ करा. खरं सांगू? हे सगळं मी अण्णांसाठी केलं. त्यांची शुगर तीनशेच्या पुढं आहे. डॉक्टर म्हणाले, दुकानातलं वातावरण बदला. आता त्यांना कोण सांगणार, की तुम्ही गूळ खाऊ नका? म्हणून म्हटलं, सगळ्यांना लावू, म्हणजे ते बघतील, त्यांनाही वाटेल...”

“लेकी बोले सुने लागे.”

“तसंच.”

“आणि लागलं का?”

विराटनं आतल्या खोलीकडं पाहिलं. आत खुर्ची करकरली.

“माझ्या जिभेवरनं बाप सुधरवायला निघालास होय रे?” तिला रागही आला आणि हसूही. “सांगायचं की तोंडावर.”

“तुम्ही सांगाल?”

भागक्कानं पदर खोचला आणि गादीकडं वळली.

पुट्टस्वामी गुरुवारी सकाळी आला. सत्तरीचा, पांढरं धोतर, खांद्यावर हिरव्या काठाचा टॉवेल. त्याच्या लॉरीमागून आणखी दोन लॉऱ्या हळूहळू आल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. इथं लागायचं की समोर, ते पुट्टस्वामीचं बघून ठरणार होतं. जयसिंगराव आतल्या खोलीतून उठून बाहेर आले होते. ते बाहेर येऊन उभे राहिले म्हणजे काहीतरी आहे, हे हमालांनाही कळलं.

परसूनं कपचा उडवला. पिवळाधमक, काचेसारखा.

“अक्का,” पुट्टस्वामी म्हणाला, “मी ऐकलं ते खरं का?”

भागक्कानं कपचा हातात घेतला. गिळायचं, की उठून मागच्या शेडला जायचं. रात्रभर तिनं यावर विचार केला होता आणि काही सुचलं नव्हतं. आताही सुचलं असं नाही. हातातला कपचा थोडा मोठा होता, म्हणून तिनं तो मोडला, आणि दुसरा तुकडा टाकून कसा द्यायचा, म्हणून पुढं केला.

“घ्या. आधी तुम्ही.”

पुट्टस्वामीनं हात मागे घेतला.

यार्डात यापूर्वी कुणी शेतकऱ्याला त्याचाच गूळ खायला सांगितलं नव्हतं; पण सांगितल्यावर त्यानं हात मागे घ्यावा, याचा अर्थ काय ते सगळ्यांना तत्काळ कळलं. मागच्या लॉरीवाल्यांनी एकमेकांकडं पाहिलं. “काय घातलंय रे आत?” कुणीतरी बोललं, ते अगदी हळू नव्हतं.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. तो गादीजवळ वाकला आणि भागक्कालाच ऐकू जाईल असं म्हणाला, “तसलं काही नाही अक्का. शुगर आहे मला. सहा वर्षं झाली. सून गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवते.”

“सहा वर्सं तुमचा गूळ तुम्ही चाखला न्हाई?”

“नाही.”

“मग गुऱ्हाळावर चाखतं कोण?”

“मुलगा बघतो.”

“बघतो, की चाखतो?”

पुट्टस्वामीनं टॉवेलानं मान पुसली. “त्यालाही आहे शुगर. तो रंग बघतो.”

भागक्कानं मनात हिशेब मांडला. गूळ पिकवणारा खात नाही, त्याचा मुलगा खात नाही, विकणाऱ्यानं खाऊ नये म्हणून डॉक्टर बोंबलतोय, आणि या सगळ्यांच्या वाटचं एकटी ती गिळत आली होती. तिला एकदम हसू आलं. तिनं स्टीलचं भांडं गादीच्या मधोमध ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“पुट्टस्वामीअण्णा, माझ्याबरोबर चाखा आणि माझ्याबरोबर थुंका. पोटात काही जात न्हाई. दोघांनीबी थुंकलं, तर कुणाचा माल कुणी मारला?”

म्हातारा तसाच उभा राहिला. मग त्यानं गुपचूप हात पुढं केला.

दोघांनी गूळ तोंडात टाकला. भागक्कानं डोळे मिटले. पुट्टस्वामीनंही मिटले, त्याला दुसरं कसं करतात ठाऊक नव्हतं. त्याचे गाल हलले, थांबले, परत हलले. सहा वर्षांनी घरी आलेल्या माणसाकडं बघावं तसं काहीतरी त्याच्या तोंडावर आलं, आणि ते बघवेना म्हणून परसू दुसरीकडं बघायला लागला.

“गिळू नका हं,” भागक्का म्हणाली. “वाका.”

दोघं वाकले. तिची वेणी आणि त्याचा टॉवेल भांड्याच्या काठावर एकदमच आले. थुंकून झाल्यावर पुट्टस्वामी सरळ उभा राहिला, आणि तोंडावरचं ते सगळं गेलेलं होतं.

“खारट आहे,” तो म्हणाला.

भागक्कानं मान डोलावली. मागच्या खेपेलाच तिला थोडं जाणवलं होतं.

“पावडर आहे ही. माझ्या गुळात.” त्यानं लॉरीकडं पाहिलं, जणू ढेपांनी उत्तर द्यावं. “माझ्या बापानं उसाची मळी काढायला भेंडीच्या रसाशिवाय काही घातलं नाही कधी. रंग बघतो म्हणे! तीन नंबर लावा, अक्का.”

“तीन एवढा न्हाई. दोन.”

“तीन म्हणतो ना मी!”

“जीभ माझी हाय. पावडर थोडकीच पडलीय. दोन.”

विकणारा खाली ओढतोय आणि पारखणारी वर, असं भांडण यार्डात पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. मागच्या लॉरीचा माणूस पुढं आला. तोही पन्नाशीचा, पोट सुटलेला. त्यानं आधी भांड्याकडं पाहिलं, मग आजूबाजूला बायकोच्या ओळखीचं कुणी नाही ना ते पाहिलं.

“अक्का, मलापण चाखायचाय,” तो म्हणाला. “चार वर्षं झाली.”

“थुंकायचं हं.”

“थुंकतो की.”

परसूनं भांडं विसळून आणलं आणि सगळ्यांच्या पाळ्या ठरवून टाकल्या, कारण तिसऱ्या लॉरीचाही खाली उतरला होता आणि समोरच्या दुकानाच्या रांगेतून दोघं माना लांब करून बघत होते. विराटनं फोन काढून फोटो घेतला. पुढच्या महिन्यात तो कुठंतरी भाषणात हे आपल्या योजनेचं यश म्हणून सांगणार, हे भागक्काला त्याच्या तोंडावरूनच कळलं. सांगू दे बापडा.

जयसिंगराव गादीपाशी आले. त्यांनी लॉऱ्यांकडं पाहिलं, भांड्याकडं पाहिलं, पुट्टस्वामीकडं पाहिलं. “ती बसेल तिथंच,” ते विराटला म्हणाले, जणू विराटनंच तिला उठवायला सांगितलं होतं. भागक्कानं पदर सावरला. मग तिनं पुढचा कपचा मोडला.

पेढीची एक रीत होती. नंबर पडला, की मालकांनी एक खडा तोंडात टाकायचा. जयसिंगरावांनी सवयीनं परातीतला खडा उचलला, तोंडात ठेवला आणि आत जायला वळले.

“अण्णा,” भागक्का म्हणाली.

ते थांबले. गाल फुगलेला, तसेच. विराट जागच्या जागी गोठला. एकोणीस वर्षांत तिनं मालकांना काम सोडून दुसरं काही सांगितलं नव्हतं, आणि हेही एका परीनं कामच होतं. ती गादीवरून उठली, कशाला न धरता. दोन्ही हातांनी भांडं उचललं आणि त्यांच्या हनुवटीखाली धरलं.

“थुंका.”

हमाल थांबले. पुट्टस्वामी टॉवेल खांद्यावर ठेवता ठेवता थांबला. जयसिंगराव तिच्याकडं बघत राहिले, गाल हलत होता, गूळ विरघळत होता, आणि ते काही करत नव्हते.

भागक्कानं भांडं खाली घेतलं नाही.